मध्यरात्रीपासून एका तासापर्यंत

मुंबईहून पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जत स्थानकात थांबते, तेव्हा तिला बहुधा मागून जादा इंजिने जोडली जातात. पुढे भोर घाट असतो. सदतीस फुटांमागे एक फूट हा तिथला चढ एकट्या इंजिनाला पेलत नाही. या घाटमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली पुरे झाले. मधल्या काळात मुंबईकडची गाडी खोपोलीला येऊन थांबे. उतारू डोलीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि १८५८ पासून खंडाळ्याला दुसरी गाडी धरून पुण्याला जात. पुढे १९१५ साली घाटमाथ्यावरून नळांतून उतरणाऱ्या पाण्यावर खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र चालू झाले. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना आधुनिक जगाने अशा रीतीने दोन देणग्या दिल्या, रेल्वे आणि वीज. दोहोंचा एक गुण समान आहे. त्यांना रात्र ठाऊक नाही.

गोवा, वसई, मंगळूर, अहमदनगर अशा ठिकाणांहून पोटापाण्यासाठी या बाजूला आलेल्या आपल्या कॅथोलिक कुटुंबांना रात्रपाळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु रात्रपाळी आणि पवित्र कम्युनियन यांचा एके काळी काय झगडा होता, हे मात्र आजच्या तरुण पिढीला सांगावे लागेल. १९५३ सालापर्यंत ख्रिस्तशरीर स्वीकारू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आदल्या मध्यरात्रीपासून अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंबही घेता कामा नये, असा ख्रिस्तसभेचा कायदा होता. रात्रभर इंजिनाच्या भट्टीत कोळसा सारणाऱ्या माणसाने पहाटे दोन वाजता घोटभर पाणी प्याले, तर रविवारच्या मिस्सेत वेदीपर्यंत जाण्याची वाट त्याला बंद होई. त्याने पाप केले असे कोणी म्हणत नसे. पण जेवण मांडलेल्या पंगतीतून त्याला उपाशी परतावे लागे, एवढे खरे.

हा नियम आला कोठून, त्याचे ओझे कसे झाले आणि ते कोणी व का उतरविले, हा इतिहास आम्हांला आज सांगावासा वाटतो. कारण तो केवळ उपवासाचा इतिहास नाही. देवाशी आपले नाते कायद्याचे आहे की लेकराचे, हा जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

नियमाच्या पोटी प्रेम

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नियम हा सदैव जुलमातूनच जन्मतो असे नाही. कम्युनियनपूर्वीचा उपवास प्रेमातून जन्माला आला. सन ४००च्या सुमारास संत ऑगस्टीन आपल्या एका पत्रात ही प्रथा सर्वत्र पाळली जाते असे नमूद करतात आणि तिचे कारणही देतात: प्रभूच्या सन्मानार्थ त्याचे शरीर इतर कोणत्याही अन्नाच्या आधी मुखात जावे. सणाच्या दिवशी देवाला नैवेद्य दाखविल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही, ही रीत पाहत वाढलेल्या आपल्या मराठी मनाला ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याची वाट पाहावी त्याच्यासाठी भूकही गोड लागते.

आपल्या रायगड जिल्ह्यात याचे आणखी एक उदाहरण आहे. अलिबाग, पेण, पनवेल या भागांतील बेने इस्राएल समाज पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद. म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ग्रंथ हाती नव्हते, मायभूमीशी संबंध तुटला होता. तरीही आठवड्यातून एक दिवस हात थांबवून देवाची आठवण ठेवण्याच्या त्या एका नियमाने त्यांची ओळख टिकवून धरली. शब्बाथ त्यांना बेडी वाटत नव्हता. गुलामाला सुटी नसते, सुटी मिळते ती स्वतंत्र माणसाला. मिसर देशातील गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना देवाने दिलेली ती देणगी होती. म्हणून परूशी लोकांवर टीका करताना आपण यहुदी धर्मालाच कोरडा ठरवतो, तेव्हा आपण अन्याय करतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या आपल्या निवेदनात यहुदी समाजाविषयी अशी वृत्ती ठेवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. परूशी वृत्ती कोणा एका धर्माची मिरास नाही. ती आपल्याही घरी राहते.

प्रभू येशूने शब्बाथ मोडला नाही; त्याने तो त्याच्या मूळ धन्याला, म्हणजे माणसाला, परत दिला. भुकेल्या शिष्यांनी कणसे मोडून खाल्ली, वाळलेल्या हाताचा माणूस बरा झाला, तेव्हा नियम माणसासाठी निर्माण झाला आहे हे त्याने सांगितले. पुढे सन ४९च्या सुमारास यरुशलेम येथे प्रेषितांची पहिली मोठी सभा भरली. इतर राष्ट्रांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून मोशेचे सर्व नियमशास्त्र पाळावे काय, हा वाद होता. संत पेत्राने विचारले, आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही जे जोखड पेलले नाही, ते आपण यांच्या मानेवर का ठेवावे? सभेने ते ठेवले नाही. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तर यापुढे पुन्हा दास होऊ नका असे कळवळून बजावले. हे जे स्वातंत्र्य आपल्याला मिळाले, त्याच्या बळावर आपण आज मराठी माणसे राहूनच ख्रिस्ती आहोत. त्या सभेचा निर्णय उलट झाला असता, तर शुभवर्तमान घाट चढून आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते.

घड्याळाचा काटा आणि भीतीचे काटे

मग प्रेमाच्या पोटी जन्मलेला नियम ओझे केव्हा होतो? आमच्या मते, ज्याच्यासाठी तो केला त्याचा विसर पडून केवळ नियमाचाच हिशेब सुरू होतो, तेव्हा.

उपवासाचा दंडक १४१५ साली कॉन्स्टन्सच्या परिषदेने पुन्हा ठामपणे घालून दिला आणि १९१७ सालच्या धर्मकायद्याच्या संहितेत तो कलमबद्ध झाला. कायदा म्हटला की पोटकायदे येतातच. दात घासताना गिळले गेलेले पाणी, हिरडीतून आलेले रक्त, दातांत अडकून राहिलेला कण, यांनी उपवास मोडतो किंवा नाही, याचा विचार नीतिशास्त्राच्या ग्रंथांत गंभीरपणे होऊ लागला. सर्वांत गमतीचा भाग घड्याळाचा. मध्यरात्र म्हणजे कोणती मध्यरात्र? त्या संहितेच्या तेहतिसाव्या कलमाने उपवासासाठी स्थानिक सूर्यवेळ किंवा सरकारी प्रमाणवेळ यांपैकी कोणतीही धरण्याची मुभा दिली होती. आपल्या भागात तिचा अर्थ काय होत होता पाहा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते. कर्जत-खालापूर सव्वात्र्याहत्तर अंशांच्या आसपास आहे. म्हणजे कर्जत स्थानकाच्या घड्याळात बारा वाजून सुमारे सदतीस मिनिटे झाली की येथील खरी मध्यरात्र होते. मुंबईत तर १९५५ सालापर्यंत प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारी खास मुंबईची वेळही प्रचारात होती. कायद्याच्या दृष्टीने, रेल्वेच्या घड्याळात साडेबाराला चहा घेणारा कामगार निर्दोष आणि पाऊण वाजता घेणारा कम्युनियनला अपात्र. करुणामय पित्याच्या भोजनाचे निमंत्रण अशा रीतीने रेखांशावर येऊन ठेपले. ज्या विद्वानांनी ही सवलत ठेवली त्यांचा हेतू दयेचाच होता. परंतु दयेलाही जेव्हा पळवाटेचे रूप घ्यावे लागते, तेव्हा मूळ रस्त्याचेच काहीतरी चुकलेले असते.

घड्याळाच्या काट्याहून भीतीचे काटे अधिक खोल रुततात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये यान्सेनवादी विचाराने मूळ धरले. १६४३ साली आंत्वान आर्नो यांनी वरचेवर कम्युनियन घेण्यासंबंधी एक ग्रंथ लिहिला. पवित्र वेदीजवळ जाण्यापूर्वी मनुष्याने दीर्घ प्रायश्चित्त करून स्वतःला लायक बनवावे, असा त्याचा रोख होता. यान्सेनवाद ख्रिस्तसभेने नाकारला. त्याची सावली मात्र अडीच शतके रेंगाळली. भाविक आणि सज्जन माणसे वर्षातून एकदा, पास्काच्या सुमारास, ख्रिस्तशरीर स्वीकारीत आणि तेही भीत भीत. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा तरी घ्या असे सांगितले होते; त्या किमान मर्यादेलाच लोकांनी कमाल मानले. भाकरीच्या रूपात घरी आलेला प्रभू अशा रीतीने वर्षातून एकदा भेटणारा न्यायाधीश होऊन बसला.

या भीतीतून संतांचीही सुटका नव्हती. १५२२ साली मानरेसा येथे इग्नाशियस लोयोला यांचा जीव जुन्या पापांच्या आठवणींनी कासावीस झाला होता. पापनिवेदन पुरे झाले की नाही, ही शंका त्यांना पोखरीत होती. अखेर देव शांती देईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असा पण करून त्यांनी आठवडाभर उपवास केला. त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी तो मोडण्याची आज्ञा केली. पुढे इग्नाशियसना उमगले की आपल्याला छळणारी ही शंका देवाकडून आलेलीच नव्हती. येशूसंघाच्या संस्थापकाला उपवास करण्याने नव्हे, तर उपवास सोडण्याने पहिली वाट दिसली, हे आपण ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण संत आल्फोन्सस लिगोरी यांचे. १६९६ साली नेपल्सजवळ जन्मलेला हा मनुष्य सोळाव्या वर्षी कायद्याचा पदवीधर झाला आणि नामांकित वकील बनला. १७२३ साली एक मोठा खटला हरल्यावर त्याने वकिली सोडली आणि तो धर्मगुरू झाला. डोंगरांतील मेंढपाळांमध्ये, कोणी विचारीत नाही अशा खेडुतांमध्ये त्याने सेवा केली व त्यांच्यासाठी १७३२ साली एक संघ स्थापन केला. नीतिशास्त्रावरील त्याच्या ग्रंथाने अतिकठोर मताला आळा घातला. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू हा न्यायाधीश तर खराच, पण त्याआधी तो पिता व वैद्य आहे, ही शिकवण त्याने रुजविली. कायदा ज्याला पुरता ठाऊक होता, त्यानेच कायद्याच्या मर्यादा ओळखल्या. १८७१ साली ख्रिस्तसभेने त्याला आचार्यपद दिले.

ओवी आणि मीठ

हा प्रश्न युरोपातला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर त्याने काय रूप घेतले ते पाहू.

१५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे प्रथम छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या छंदात, आपल्या आया जात्यावर ज्या छंदात गात त्याच छंदात, येशूचे चरित्र कोकणच्या मातीत उतरले. नवा धर्म स्वीकारलेल्या माणसाने आपले गाणे मागे टाकावे असे स्टीफन्सना वाटले नाही. उलट त्या गाण्यातच त्यांनी शुभवर्तमान भरले.

आता एकशेवीस वर्षे पुढे या. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. ख्रिस्ती लोकांनी लग्नात पूर्वापार ओव्या गाऊ नयेत. विड्याची देवघेव आणि हळदीचे विधी करू नयेत. दारी तुळस ठेवू नये. पुरुषांनी धोतर आणि स्त्रियांनी चोळी घालू नये. एकादशीचा उपवास करू नये. इतकेच काय, भात बिनमिठाचा शिजवू नये. अशी ती लांबलचक यादी. ख्रिस्तावर प्रेम आहे काय, शेजाऱ्याला क्षमा केली काय, हे प्रश्न त्या यादीत बसत नव्हते. भातात मीठ आहे काय, एवढे मात्र तपासता येत होते. कायदेपणाचे मर्म हेच आहे. अंतःकरण मोजता येत नाही, म्हणून तो जे मोजता येते त्यालाच अंतःकरण मानतो. प्रभूने आपल्या शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले होते. फर्मान काढणाऱ्यांनी ते मीठ लोकांच्या भाताच्या भांड्यात शोधले.

परंतु इतिहासाचा निकाल निराळा लागला. १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती गेली. १८१२ साली गोव्याचे इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. उत्तर कोकणातील ख्रिस्ती लग्नघरांत मात्र हळद राहिली, उंबराचे पाणी आणण्याची रीत राहिली, गाणी राहिली. परकीय सत्तेचे पाठबळ गेल्यावरही त्या घरांनी आपली श्रद्धा सोडली नाही. ज्यांच्या श्रद्धेवर संशय घेतला गेला होता, त्यांनीच ती जपली, आणि तीही आपल्या भाषेत, आपल्या सणांत, हसत-गात. आनंद हा विश्वासाचा शत्रू नसून त्याचा रखवालदार आहे, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

रमाबाईंचे दुसरे जन्मस्थान

या विषयावर मराठी मुलखातील सर्वांत बोलकी साक्ष एका स्त्रीची आहे. ती आपल्या कॅथोलिक परंपरेतील नव्हे, तरी तिचा वारसा सर्व मराठी ख्रिस्ती समाजाचा आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचे बालपण तीर्थयात्रांत गेले. व्रते, उपवास, पारायणे, दानधर्म यांत त्या कुटुंबाने काही कमी ठेवले नाही. दुष्काळात आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आता खरी गंमत पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतरही त्यांना नियमांनीच घेरले. त्यांच्यावर माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला, त्यात हा झगडा जागोजागी दिसतो. अमुक मत मानलेच पाहिजे, अमुक अधिकाऱ्याचे ऐकलेच पाहिजे. रमाबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही आणि आपली विचारशक्तीही गहाण टाकली नाही. परक्या रीतीरिवाजांची नक्कल म्हणजे ख्रिस्तानुसरण नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तरीही काहीतरी उणे होते. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्या प्रांजळपणे सांगतात की बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म हाती लागला, परंतु धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त भेटायचा राहिला होता. ती भेट बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी, भारतात शारदा सदनाचे काम चालू असताना झाली. आपण चांगले झाल्यावर देव आपल्याला स्वीकारील असे नसून, आहोत तशा स्थितीत त्याने आपल्याला स्वीकारलेच आहे, ही जाणीव त्यांना झाली आणि मनावरचा भार उतरला. १८९०च्या दशकाच्या मध्याला त्या आपल्या मुलींसह लोणावळ्याच्या प्रार्थनामेळ्याला गेल्या होत्या. लोणावळा म्हणजे आपल्या खालापूरच्या डोक्यावरचा घाटमाथा. तेथे त्या मुलींच्या चेहऱ्यावरील नवा आनंद पाहून त्यांचे हृदय भरून आले.

त्या आनंदाचे पुढे काय झाले ते पाहावे. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली व विधवा यांना आसरा दिला. केडगाव येथे त्यांच्यासाठी घर उभे राहिले आणि त्यांनी त्याला नाव दिले मुक्ती. सुटका झालेल्या माणसाला दुसऱ्याची बेडी बघवत नाही. मूळ भाषांवरून बायबलचे संपूर्ण मराठी भाषांतर हे त्यांचे अखेरचे काम. ते हातावेगळे करून १९२२ साली त्या गेल्या. नियम त्यांना केडगावपर्यंत नेऊ शकले नसते. नेले ते कृतज्ञतेने.

दार उघडते

आता आपल्या उपवासाच्या कथेकडे वळू. तिचा शेवट सुखद आहे आणि तो ख्रिस्तसभेच्या आतूनच आला, हे विशेष.

२० डिसेंबर १९०५ रोजी संत पोप दहावे पायस यांच्या संमतीने एक आज्ञापत्र निघाले. कृपावस्थेत असलेल्या व शुद्ध हेतूने येणाऱ्या कोणाही भाविकास दररोज कम्युनियन घेण्यापासून रोखू नये, असे त्यात स्पष्ट केले. यान्सेनवादी भीतीचे विष आता उतरावे, हा उद्देश त्यात उघडच होता. ८ ऑगस्ट १९१० रोजी दुसरे आज्ञापत्र निघाले आणि सुमारे सात वर्षांच्या मुलांनाही वेदीचे दार खुले झाले. आपल्या घराघरांत पहिल्या कम्युनियनचा जो गोड सोहळा होतो, शुभ्र झगा, मेणबत्ती, आजीच्या डोळ्यांतले पाणी, तो त्या एका निर्णयाचा प्रसाद आहे.

त्यानंतर ६ जानेवारी १९५३ हा दिवस उजाडला. पोप बाराव्या पायस यांनी जाहीर केले की साध्या पाण्याने यापुढे उपवास मोडणार नाही. आजारी, दूरवरून येणारे आणि अवजड काम करणारे यांना आणखी सवलती मिळाल्या. सायंकाळच्या मिस्सेलाही वाट मोकळी झाली. या बदलाची कारणे त्या पत्रकात दिली आहेत आणि ती वाचताना जणू कर्जत-खालापूरचेच वर्णन वाचतो आहोत असे वाटते: धर्मगुरूंची संख्या अपुरी, मिशन प्रदेशातील लांबचे प्रवास, कारखान्यांत व वाहतुकीत रात्रपाळी करणारे कामगार, गरोदर माता, शाळेत जाणारी मुले. रोमच्या सिंहासनाला रात्रपाळीवाला दिसला. १९ मार्च १९५७ रोजी मध्यरात्रीची अटच गेली. कम्युनियनपूर्वी तीन तास अन्न व मद्य आणि एक तास इतर पेये वर्ज्य, एवढाच नियम सर्वांसाठी राहिला.

अखेरचा बदल तर आपल्या दारात पोहोचला. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी व्हॅटिकन परिषदेचे तिसरे सत्र संपताना पोप सहावे पॉल यांनी उपवासाचा अवधी केवळ एक तासावर आणला. त्यानंतर एका आठवड्याने, २८ नोव्हेंबरला, मुंबईच्या ओव्हल मैदानावर अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस सुरू झाली. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यजमान होते. कर्जतपासून मुंबई शंभर किलोमीटर. दूरच्या गावाहून रात्रभर प्रवास करून येणाऱ्या भाविकाला न्याहारी करूनही त्या महायज्ञात पूर्ण सहभागी होता आले. २ डिसेंबरला पोपमहोदय स्वतः आले आणि ३ डिसेंबरला इतर धर्मीय प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी असत्याकडून सत्याकडे नेण्याची उपनिषदातली प्रार्थना उच्चारली. १७३६ साली दारची तुळसही ज्यांच्या यादीत गुन्हा होती, त्यांच्या वारसांच्या मुखी १९६४ साली बृहदारण्यक आले. पवित्र आत्मा हळू चालतो, पण चालतो.

स्वातंत्र्याचा हिशेब

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. जुनी माणसे म्हणतात, आम्ही पहाटे उपाशीपोटी चार-चार मैल चालत मिस्सेला जात होतो. तुम्हांला एक तास जड जातो. कायदा सैल झाला तशी श्रद्धाही सैल झाली.

या बोलण्यात तथ्य आहे आणि ते आपण नाकारू नये. त्या पिढीच्या भुकेत प्रेम होते. नियम काढून घेतला आणि त्याच्या जागी प्रेम ठेवले नाही, तर रिकामी जागाच उरते. संत पौलानेही स्वातंत्र्याबरोबर लगेच बजावले होते की त्याचा उपयोग देहवासनेसाठी करू नका, तर प्रीतीने एकमेकांची सेवा करा. कायद्यापेक्षा प्रेमाची मागणी कमी नसते, अधिक असते. कायदा एका तासानंतर संपतो. प्रेमाला घड्याळ नाही.

शुक्रवारच्या मांसवर्ज्याचे उदाहरण घ्या. कायदा मांस नको म्हणे, माशाला त्याची हरकत नव्हती. परिणामी किनाऱ्यावरच्या घरात शुक्रवारी पापलेटाचे कालवण शिजे आणि प्रायश्चित्त घडले असे समाधानही लाभे. उलट आपल्या डोंगरपट्ट्यातील कातकरी कुटुंबाचा विचार करा. वर्षातले कितीतरी महिने वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर राबणारे, बाजारच्या मूठभर सुकटीवर भात खाणारे ते कुटुंब. मांस वर्ज्य करा असे त्याला सांगण्यात अर्थ तो काय? १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहाव्या पॉल यांनी प्रायश्चित्ताचे नियम बदलताना नेमका हाच भेद केला. शुक्रवार प्रायश्चित्ताचा वार राहिला. पण प्रार्थना आणि दानधर्म यांनी मांसवर्ज्याची जागा घ्यावी काय, हे ठरविण्याची मुभा त्या त्या देशाच्या बिशपांना मिळाली. संपन्न समाजाने आत्मसंयमाची साक्ष द्यावी. दारिद्र्यात जगणाऱ्यांनी आपले कष्ट देवाला अर्पावेत आणि त्यांच्यासाठी सामाजिक न्यायाचे काम व्हावे, असे त्यांनी म्हटले. शुक्रवारी पापलेट खाणाऱ्याने त्या पैशांत कोणाच्या घरची चूल पेटते काय ते पाहावे, असा याचा आमच्या बोलीतला अर्थ.

१९८३ सालच्या नव्या धर्मकायद्यात ९१९वे कलम एक तासाच्या उपवासाचे आहे. पाणी व औषध त्यात धरले जात नाही. वृद्ध आणि आजारी यांना हा तासही नाही. विशेष म्हणजे त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. रात्रभर सासूच्या उशाशी बसलेल्या सुनेला, इस्पितळातून पाळी संपवून आलेल्या परिचारिकेला कायदाच सांगतो की तू ये, तुझा उपवास सेवेतच घडला. याच संहितेचे १७५२वे, म्हणजे शेवटचे कलम, आत्म्यांचे तारण हाच ख्रिस्तसभेचा सर्वोच्च कायदा आहे, याची आठवण देऊन संपते. इतकी कलमे लिहून झाल्यावर शेवटचा शब्द कृपेला दिला आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली आपल्या पहिल्या प्रेषितीय बोधपत्राला शुभवर्तमानाचा आनंद असे नाव दिले, आणि ख्रिस्तशरीर हे परिपूर्णांचे बक्षीस नसून दुबळ्यांचे औषध आहे, हे त्यात नव्याने ध्यानी आणून दिले. तरीही आपल्या मिस्सेत शेवटच्या बाकावर कोणीतरी मान खाली घालून बसलेले असते. एखादा वर्षानुवर्षे पापनिवेदनाला घाबरतो, एखादीला आपण वेदीपर्यंत जाण्याजोगे नाही असे कोणीतरी कधीतरी सांगितलेले असते, एखादा तरुण नियमांची यादी पाहूनच बाहेर थांबतो. त्यांना आणखी एक यादी देण्याने भागणार नाही. धर्मगुरूंशी एकदा मोकळेपणाने बोला, प्रभू तुमची वाट पाहत आहे, असे सांगणारा शेजारी त्यांना हवा आहे, आणि ते सांगण्यासाठी बाकावरून उठून मागे जाणे आपल्यापैकी कोणालाही शक्य आहे.

घाट चढणाऱ्या गाडीला रूळ लागतात. रुळांशिवाय ती दरीत जाईल. परंतु रूळ गाडीला वर नेत नाहीत. वर नेते ते मागून लागलेले बळ. नियमांना आपण रुळांचा मान द्यावा, त्याहून अधिक देऊ नये, आणि चढ जड वाटेल तेव्हा मागून लोटणाऱ्या त्या प्रेमावर भार टाकावा.